अंगठ्याचा आकडा

भिलाईला कोणी हवापालटासाठी जात नाही. मीही गेले नव्हते. पर्वतीच्या पायथ्याशी आमचं एक छोटं वर्कशॉप आहे. तिथे आम्ही तिघांनी मिळून एक यंत्र बनवलं आणि ते मांडीवर घेऊन मी या मार्गशीर्षात मध्य प्रदेशात जाऊन आले. ‘मांडीवर’ हे अगदी शब्दशः घ्यावं. यंत्र सामानाच्या फळीवर ठेवायची माझी छाती झाली नाही. मी ते गोधडीत गुंडाळून धरलं होतं, आणि समोरच्या बाकावरच्या एक बाई नागपूर येईपर्यंत माझ्याकडे ‘हिचं बाळ रडत कसं नाही’ अशा नजरेनं बघत होत्या.

यंत्राविषयी आधी चार शब्द सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माणूस अत्यवस्थ झाला की शरीर काटकसरीला लागतं. हृदयाला आणि मेंदूला रक्त पुरावं म्हणून हातापायांचं रक्त आखडतं घेतं. रक्तदाब त्या वेळी ठीकठाकही असू शकतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी असतं, पण टोकाच्या नळाला येत नाही, तसंच हे. आपल्या शरीरातला सगळ्यात टोकाचा नळ म्हणजे पायाचा अंगठा. तो गार पडत चालला तर आत काहीतरी बिघडतंय, आणि ऊबदार होऊ लागला तर रक्त पुन्हा तिथवर पोचतंय, असं समजायचं. आमच्या यंत्राला दोन वायरी आहेत. एक अंगठ्याला चिकटवायची, दुसरी काखेत ठेवायची. समोर लाल दिव्यांचे दोन आकडे, वरचा अंगठ्याचा आणि खालचा काखेचा. सुई टोचणं नाही, रक्त काढणं नाही, रोग्याला कसला त्रास नाही. ‘इतर लक्षणं दिसण्याआधी अंगठा सांगतो’ असं आमच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरात छापलं होतं. ते वाक्य माझंच, आणि तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

भिलाईहून दुर्गकडे जाताना एका ट्रस्टचं बेताचं रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टर साहूंनी चार खाटांचा अतिदक्षता विभाग नव्यानं सुरू केला होता. यंत्र घेऊन या, थोडे दिवस राहा, वापरून पाहू, असं त्यांनी कळवलं. आमच्या साहेबांना लांबचा प्रवास सोसत नाही, दुसऱ्या भागीदाराची बायको बाळंतपणाला टेकलेली. राहिले मी.

नागपूरला गाडी बदलली. गोंदियाला गाडी बराच वेळ थांबली. तिथे एका म्हातारीकडून मी पेरू घेतले आणि त्या गावाकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. गोंदिया सुटलं की डोंगर जवळ येतात. सालेकसा-दरेकसाच्या बाजूला झाडी दाट होते, गाडी बोगद्यात शिरते, आणि पुढे डोंगरगडची टेकडी दिसली की डब्यातले निम्मे लोक हात जोडतात. त्यानंतर सगळं सपाट. कापणी झालेली भाताची शेतं, पेंढ्यांचे ढीग, मधेच एखादं तळं आणि त्यात डुंबणाऱ्या म्हशी. रसमडा आलं आणि पहिली कारखान्याची धुराडी दिसली. पाठोपाठ दुर्ग.

सेक्टर दहा

माझा मावसभाऊ अरुणदादा स्टील प्लांटमध्ये अधिकारी आहे. तो सेक्टर दहामध्ये राहतो. भिलाई हे पट्टी घेऊन आखलेलं गाव. पुण्यात पत्ता सांगताना पिंपळ, हौद आणि बंद पडलेली पिठाची गिरणी लागते. इथे सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टरचा नंबर सांगितला की संपलं. याच शिस्तीचा मला दुसऱ्या दिवशी फटका बसला. बाजारातून येऊन मी सरळ घरात शिरले, चपला काढल्या, मागच्या नळावर पाय धुतले आणि ‘वहिनी, चहा टाका बाई’ म्हणून खुर्चीत बसले. आतून ज्या बाहेर आल्या त्या बंगाली होत्या. तेच दार, तीच खिडकी, अंगणात तसंच पेरूचं झाड, फक्त एक गल्ली अलीकडची. त्यांनी हसत हसत चहा दिला, वर नारळाची वडी दिली, आणि पदर सावरत मला दादाच्या दारापर्यंत पोचवलं. पुण्यात असं कोणी आमच्या घरात शिरलं असतं तर आधी पोलीस आणि मग चहा, आणि चहाचीही खात्री नाही. दादानं ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली.

वहिनी भंडाऱ्याकडची. तिच्या हाताला चव आहे आणि वाढायला तो हात थांबत नाही. तुरीचे सोले घालून केलेली वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, त्यावर जवसाची चटणी. कामाला येणारी फुलबाई एकदा घरून तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे घेऊन आली. तीळ-मिरचीच्या फोडणीत परतलेले ते गरम फरे मी किती खाल्ले ते इथे लिहीत नाही.

“घ्या ना शुभाताई, लाजून कावून राहिल्या?” वहिनी म्हणायची.

“मम्मी, बुआ को और दो ना, ती तर काही खातच नाही,” असं तिचा थोरला एकाच दमात दोन भाषांत सांगायचा. मुलं घराच्या उंबऱ्यापर्यंत मराठी बोलतात आणि अंगणात उतरली की हिंदी. याचं दादाला वाईट वाटतं, पण रागावतो तेही हिंदीतच.

पाळी सुटली की इथले रुंद रस्ते सायकलींनी भरून जातात. संध्याकाळी प्लांटच्या बाजूचं आकाश मधूनच लालभडक होतं. वितळलेल्या लोखंडाचा मळ ओततात त्याचा तो उजेड. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आग लागली म्हणून ओरडले. भिलाईचा माणूस त्या आकाशाकडे मानसुद्धा वर करत नाही.

चार खाटा

डॉक्टर साहू चाळिशीच्या आतले, कमी बोलणारे, छत्तीसगढी लहेजाची गोड हिंदी असलेले. यंत्राचं झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं, वायरी हातात घेऊन पाहिल्या आणि पहिल्यांदा ती स्वतःच्याच अंगठ्याला लावली. मला ते फार बरं वाटलं. मग ते म्हणाले, तीन नंबरच्या खाटेपासून सुरुवात करू.

तीन नंबरला गावंडेकाका होते. मूळचे अचलपूरकडचे, रसमड्याच्या एका ओतकामाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. त्यांचं आतडं फुटलं होतं. ऑपरेशन झालं होतं, पण पोटातलं विष रक्तात उतरलं होतं. सलाईन, औषधं, सगळं चालू होतं. कधी शुद्धीत, कधी ग्लानीत. पायाशी स्टुलावर गावंडेकाकू बसलेल्या. ठेंगण्या, काटक, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. मी सिस्टरशी बोलताना चुकून एक मराठी शब्द तोंडातून गेला आणि त्यांनी माझा हातच धरला.

“तुमी मराठी हायत? अवो माय! कुटच्या?”

“पुण्याची.”

“बसा ना मंग इथंसा. हिंदी येते मले, पण दुखण्याचं मराठीतच समजते.”

मी बसले. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी मला सगळं सांगितलं. एकुलती एक लेक मंदा, गेल्या वर्षी लग्न होऊन गोंदियाला दिली. आता तिच्या नणंदेचं लग्न तोंडावर आलेलं. घरची एकटी सून, कामाचा डोंगर. बापाचं ऑपरेशन झाल्याचं तिला कळवलं होतं, पण ‘बरं आहे, घाबरू नको’ असं.

“आत्ताच बोलावलं त तिच्या घरचे जनमभर ऐकवतीन. नणदेच्या लग्नातून पळाली म्हनतीन. अन् गोंदिया काय दूर हाय का? गाडीत बसली का आली. पन लई बिघडलं असन त सांगा मले. यायचा जीव तिच्यातच हाय.”

‘यायचा’ म्हणजे काकांचा. नवऱ्याचं नाव त्यांनी माझ्यासमोर एकदाही घेतलं नाही. काका मधेच डोळे उघडून विचारायचे, “मंदी आली का?” आणि काकू म्हणायच्या, “लगीन पार पडू द्या, येतेच.” एवढंच त्यांचं बोलणं. पण प्रश्न अगदी सरळ होता. मंदाला आत्ता बोलवायचं की लग्न उरकू द्यायचं? काकूंना त्याचं उत्तर डॉक्टरांकडून हवं होतं आणि डॉक्टरांना ते आमच्या यंत्राकडून मिळेल अशी आशा होती.

मी काकांच्या उजव्या अंगठ्याला वायर चिकटवली. लाल आकडे लागले. खालचा तापाचा, चढलेला. वरचा फारच खाली. काकूंनी डोळे बारीक करून विचारलं, हे काय? डॉक्टरांनी समजावलं, “माताजी, पैर का अंगूठा गरम होना चाहिए। ये ऊपर वाला नंबर बढ़े, तो समझिए बाबूजी सुधर रहे हैं।”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “म्हंजे वरचा आकडा वाढाले पायजे?”

“हो काकू. वाढायला पाहिजे.”

यापेक्षा एक शब्द जास्त कोणी बोललं नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते खरं होतं, मी म्हटलं तेही खरंच होतं.

रुआबांधा

त्यानंतरचे दिवस माझ्या या प्रवासातले सगळ्यात आनंदाचे होते, हे आता लिहिताना हात अडखळतो.

वरचा आकडा वाढू लागला. संध्याकाळच्या फेरीला डॉक्टर आले की तो सकाळपेक्षा चढलेला असायचा. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून बघायचे, कारण काकांची लघवी काही वाढत नव्हती आणि नाडीचा वेगही उतरत नव्हता. पण नवीन यंत्र होतं. इतर लक्षणांआधी अंगठा सांगतो असं त्यांनी वाचलं होतं आणि मी छापलं होतं. “अंगूठा तो अच्छा बोल रहा है,” ते म्हणायचे. काकू विचारायच्या, मंदीले बोलावू का? ते म्हणायचे, दोन-चार दिवस बघू, शादी निपट जाने दीजिए. काकूंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं ते बघून मलाही उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं. मी पुण्याला साहेबांना ट्रंक कॉल लावून कौतुक करून घेतलं.

काकू दिवसरात्र पायाशी असायच्या. रुग्णालय लहान, एका नातेवाइकाला बसू देत. पांघरुणाखाली हात घालून त्या नवऱ्याचे पाय चेपत बसायच्या. नवऱ्याचे पाय चेपणाऱ्या बाईकडे आपल्याकडे कोण दोनदा बघतं? मीही पाहिलं नाही. सकाळी सिस्टर रोग्याला पुसून घ्यायला आल्या की वायर काढायच्या, आणि तेवढ्या वेळात काकू घरी जाऊन आंघोळ करून यायच्या. त्या परत आल्या की वायर पुन्हा लागायची.

एका दुपारी त्यांनी मला बळेच भिलाईतल्या रुआबांधा वस्तीत त्यांच्या घरी जेवायला नेलं. दोन खोल्या, शेणानं सारवलेलं अंगण, कौलांवर वाळत घातलेल्या वड्या. शेजारच्या छत्तीसगढी बाईनं भिंतीवरून वाकून विचारलं, “कइसे हे तोर घर के मन?” म्हणजे घरचे कसे आहेत, आणि काकूंनी तिला तिच्याच बोलीत फाडफाड उत्तर दिलं. कौतुक वाटलं मला. आमच्या पुण्यात शेजारच्या कानडी घराशी आम्ही वीस वर्षं नुसतं हसून काम भागवलंय. काकूंनी झुणका आणि गरम भाकरी वाढली आणि स्वतः मात्र दोन घास खाऊन उठल्या.

“आता आकडा वाढून राहिला, मंग घास उतरून राहिला,” त्या म्हणाल्या. “पयल्या दिवशी पानी बी उतरत नव्हतं. तुमी देवासारक्या आल्या.”

देवासारख्या. मी ‘छे हो काकू’ म्हटलं, पण मनातून सुखावले.

पुन्हा चार खाटा

मार्गशीर्षातला गुरुवार होता. काकूंकडे महालक्ष्मीचा घट मांडायचा होता, म्हणून त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ घरी थांबल्या. सिस्टरांनी काकांना पुसून घेतलं आणि मी काकूंची वाट न बघता वायर लावली.

आकडा खाली होता. थोड्या वेळानं आणखी खाली गेला.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? यंत्र बिघडलं. मी सेल बदलले. वायर काढून स्वतःच्या अंगठ्याला लावून पाहिली. आकडा बरोबर आला. पुन्हा काकांच्या अंगठ्याला लावली. पुन्हा खाली. मग मी आदल्या दिवसाची चिकटपट्टी उचलली, तिच्यात काही दोष असेल म्हणून. तिच्या कडेला फिकट पिवळसर भुकटी चिकटली होती. सिस्टर म्हणाल्या, पावडर आहे, रोजच असते, अंगाला लावत असतील. मी नाकाशी नेली.

सुंठ. मला लहानपणी ताप चढून हातपाय गार पडले की माझी आत्या तळपायांना सुंठच चोळायची. भारतातल्या कुठल्याही मराठी घरात तेच करतील. सिस्टरांनी ती पावडर कधी नाकाशी नेली नव्हती, आणि मला तो वास ओळखीचा असून मी इतके दिवस पांघरूण वर करून पाहिलं नव्हतं.

मी काकांच्या पायाला हात लावला. अंगठा, पाऊल, घोटा, सगळं गार. गुडघ्यापर्यंत गार, आणि गुडघ्याभोवती निळसर नक्षी उमटलेली. डॉक्टरांना बोलावलं. पट्टी दाखवली. त्यांनीही वास घेतला. मग त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

“औषध वेगळं काही दिलं नसतं,” ते शेवटी हिंदीत म्हणाले. “जे चालू आहे तेच शेवटचं. पण बेटीला आधीच बोलावलं असतं. आता ताबडतोब बोलवा.”

सायकल रिक्षा करून मी रुआबांध्याला गेले. काकूंची पूजा आटोपत आली होती. चौरंगावर घट, त्यात पाच पानं, वर नारळ, समोर फळं. मला बघून त्यांनी हळदीकुंकवाचा करंडा पुढे केला.

“काकू,” मी म्हटलं, “तुम्ही काकांच्या पायाला सुंठ लावता का?”

“मंग? पाय गार पडले का सुंठच लावते मानूस.” त्यांनी कंबरेला खोचलेली रुमालाची गाठ काढून दाखवली. “वाटून ठेवली हाय. रातभर चोळतो मी. अन् अंगठा दोनी हातात धरून बसतो. पोरी, मी पाहून राहिली ना, चोळलं का आकडा वाढते! पैले हळूहळू वाढे, आता लवकर वाढते. डाक्टर म्हने आकडा वाढला का सुधारते. मी नाई सांगतलं कोनाले, म्हटलं गावंढळ म्हनतीन.”

त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला खाली बघावं लागलं. त्यांच्या दृष्टीनं सगळं सरळ होतं. चोळलं की पाय गरम होत होता, पाय गरम झाला की आकडा चढत होता, आणि आकडा चढला की नवरा बरा होत होता. यातलं शेवटचं पाऊल सोडून बाकी सगळं खरंही होतं. आकडा नुसता बघायचा असतो, आपण वाढवायचा नसतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायची गरज आहे हे आम्हाला सुचलंही नव्हतं.

मी सांगितलं. जमेल तितक्या हळू सांगितलं. आतून रक्त पोचून पाय गरम व्हायला हवा. बाहेरून चोळलं तर कातडी गरम होते, आत तसंच राहतं. म्हणून आम्हाला ते कळलं नाही.

काकूंनी करंड्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “म्हंजे म्याच फसवलं.”

“नाही हो काकू, तसं नाही.”

“मंदीले बोलवा,” त्या म्हणाल्या, आणि रुमालाची गाठ घट्ट आवळून देवापुढे ठेवली. उठताना क्षणभर थांबल्या, ती पुन्हा उचलून कंबरेला खोचली.

निरोप कसा पोचवायचा? तार संध्याकाळपर्यंत पोचेल की नाही कोण जाणे. शेवटी काकूंच्या घरामागे राहणारे एक मराठी गृहस्थ रेल्वेत होते, त्यांनी दुर्गला धाव घेतली. रेल्वेच्या फोननं स्टेशनाकडून स्टेशनाकडे निरोप गेला, आणि गोंदियाच्या स्टेशनातल्या कोण्या ओळखीच्या माणसानं सायकलवरून मंदाचं घर गाठलं. तिथे त्या दिवशी नणंदेची हळद होती. मिळेल त्या गाडीनं मंदा निघाली, असा उलट निरोपही आला. इतकं सगळं दोन फोनांत झालं. दोन फोनांचंच काम होतं ते, आणि गेले कितीतरी दिवस आम्ही आकड्याकडे बघत बसलो होतो.

दुपारी मी रुग्णालयात काकूंजवळ होते. काकांना लावलेली वायर तशीच होती. काकू स्टुलावर बसल्या, पण या वेळी दोन्ही हात मांडीवर. ग्लानीत काकांचा पाय एकदा पांघरुणाबाहेर आला. काकूंचा हात पुढे गेला, अंगठ्यावरची वायर बघून थांबला, आणि त्यांनी फक्त पांघरुणाची कड दोन बोटांत धरून पायावर ओढली. मी ते पाहिलं. त्यांना म्हणायला हवं होतं, ‘आता काही हरकत नाही काकू, चोळा, मी वायर काढते.’ चार शब्द. मी समोर बसून आकडा बघत राहिले. मला वाटलं, मंदा येऊन पोचेपर्यंत तो टिकतो का ते कळायला हवं.

काका दुपारीच गेले.

दुर्ग

मंदाची गाडी दिवेलागणीला दुर्गला आली. दादा आणि मी फलाटावर होतो. नवी साडी, हातभर हिरव्या बांगड्या, दोन्ही तळहात हळदीनं पिवळे, हातात पिशवीसुद्धा नाही. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही.

“बाबा कसे हायत?” तिनं दादाला विचारलं.

“चल,” दादा म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही. जीपमध्ये ती माझ्याशेजारी बसली होती, आणि सबंध रस्ताभर सांगत होती की कालच निघणार होते, सासूबाई स्वतः म्हणाल्या होत्या जाऊन ये म्हणून, पण आईचा निरोप आला होता की बाबाले आराम आहे.

डॉक्टरांनी काकांना तिच्यासाठी खाटेवरच राहू दिलं होतं. नळ्या काढून टाकल्या होत्या. आमच्या यंत्राला मात्र सिस्टरांनी हात लावला नव्हता. ते परकं, माझं. काकू स्टुलावर तशाच. मंदा सरळ पायांशी गेली, पांघरूण वर करून तिनं दोन्ही पावलांवर डोकं ठेवलं, आणि दचकून मान वर केली.

“आई, बाबाचे पाय इतके गार कावून वं?” तिला काय विचारतोय याचं भान नव्हतं. “तू सुंठ नाई लावली?”

“लावत होती,” काकू म्हणाल्या. “आज नाई लावली.”

“कावून?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“आकडा खरा पायजे होता,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कंबरेची गाठ सोडून रुमाल लेकीच्या हातात दिला. मंदानं सुंठ तळहातावर घेतली, आणि हळदीच्या हातांनी बापाचे पाय चोळायला लागली. आधी तळवे, मग बोटं. उजवा अंगठा तिनं दोन्ही हातांत धरला, वायरीसकट, आणि तशीच बसून राहिली.

यंत्र चालूच होतं. वरचा आकडा हलला, आणि हळूहळू चढायला लागला. काकू त्याच्याकडे बघत होत्या. मी बटण बंद केलं नाही. मंदाचे हात बाजूला होईपर्यंत तो वाढत होता.